कोठवर, परमेश्वरा? दुःखात देवावर भरवसा ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीतर्फे आजाऱ्यांना आणि शोक झालेल्या घरांना भेटायला जायचं काम मी गेली अकरा वर्षं करतो. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. भेटीत बसलेलं असताना लोक फारसं काही विचारत नाहीत. विचारतात ते आम्ही निघताना, दारापर्यंत सोडायला येऊन, आवाज खाली आणून. तेच प्रश्न इथे लिहिले आहेत. उत्तरं सगळ्यांना पटतील असं नाही; काही मलाच पटायला बरीच वर्षं लागली.

हे माझ्या पापाचं फळ आहे का?

सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. शिष्यांनीही तो विचारला होता. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर ते येशूला विचारतात की पाप कुणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापांनी? तो माणूस आंधळा होता, बहिरा नव्हता. आपल्या जन्माची ही चर्चा त्याच्या कानांवर पडतच असणार. येशूनं दोन्ही पर्याय नाकारले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो.

आपल्या काही कृत्यांचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात, हेही खरं. वर्षानुवर्षं दारू प्यायल्यावर यकृत खराब झालं तर त्यात गूढ काही नाही. तिथे पश्चात्ताप करावा, क्षमा मागावी, उपचार घ्यावेत. पण ज्याला कारणच सापडत नाही तो माणूस रात्र रात्र जागून लहानपणापासूनची पापं उकरत बसतो. त्याला मी नाथान संदेष्ट्याची आठवण करून देतो. दावीदाचं पाप दाखवायचं होतं तेव्हा नाथान समोर येऊन 'तो माणूस तूच' असं थेट म्हणाला. त्या प्रसंगात शिक्षाही होती, हे मी लपवत नाही. पण आपण काय केलं हे दावीदाला अंदाजानं शोधावं लागलं नाही.

देवावर रागावणं, त्याला जाब विचारणं हे पाप आहे का?

लोकांना वाटतं, विश्वासू माणूस दुःखात शांत असतो, डोळे मिटून 'तुझी इच्छा' म्हणतो. पवित्र शास्त्र उघडून पाहिलं तर चित्र फार वेगळं आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' अशी ओळ येईल म्हणून आपण वाट पाहतो आणि ती येत नाही. हे स्तोत्र कुणी गाळलं नाही, त्याला बरा शेवटही कुणी जोडला नाही. देवाच्या लोकांनी ते तसंच उपासनेत ठेवलं.

विलापगीत मला ह्यापेक्षाही जवळचं वाटतं. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. त्या राखेतून आलेली ही पाच कवनं. पहिली चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर क्रमानं बांधलेली आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून ६६ वचनं. मराठीत सांगायचं तर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत रडणं. शोक असा एकेक अक्षर घेऊन, काही न सोडता, देवापुढे मांडलेला आहे. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे आपलं आवडतं वचन ह्याच तिसऱ्या कवनाच्या अंगात आहे, पुस्तकाच्या शेवटी नाही. त्या वचनानंतर पुन्हा अश्रू आहेत. आणि शेवटच्या ओळीत तर तू आम्हांला कायमचं टाकलंस का, अशी शंका आहे.

मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचंही तसंच. तो देवाशी भांडला, न्यायालयात उभं राहून वाद घालायची भाषा त्यानं केली. देवानं त्याला खडसावलंही. पण शेवटच्या, म्हणजे ४२व्या अध्यायात देवाचा कोप पेटतो तो त्याच्या मित्रांवर. हे मित्र अख्खं पुस्तकभर देवाची बाजू घेऊन बोलत होते! माझ्याविषयी जे योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही, असं देव त्यांना सांगतो.

मग रानातल्या इस्राएलांची कुरकूर देवाला का खपली नाही? माझी समजूत अशी: ते तंबूंत बसून देवाविषयी आपापसांत बोलत होते आणि मिसरला परत जायचा बेत करत होते. स्तोत्रकर्ता ओरडतो तो देवाच्या तोंडावर. ज्याला ऐकू येत नाही असं आपण मानतो त्याच्याशी कुणी भांडत नाही. तुमचा राग देवाकडे जात असेल तर विश्वास अजून शाबूत आहे, असं मी धरून चालतो.

प्रार्थना केली, उपास केले, तरी गुण आला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

इथे मला माझ्या घरचं सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ आजारी होता तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एका भल्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात कुणाच्या तरी मनात शंका आहे, म्हणून अडलंय." पुढचे तीन आठवडे मी आईचा चेहरा न्याहाळत होतो. ती औषधाच्या वेळा लिहिलेल्या वहीत काही खरडत बसली की मला वाटायचं, हिला आता आशा नाही, हिच्यामुळेच अडलंय. भाऊ गेला. ती वही मी नंतर उघडली. वेळांच्या शेजारी, जवळजवळ प्रत्येक पानावर, तिनं बारीक अक्षरात 'प्रभू, आज ताप उतरू दे' असं लिहिलं होतं. त्या माणसावर माझा आता राग नाही, पण ते वाक्य मी कुठल्याही घरात बोलू देत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय नीट वाचा. हेरोद राजा योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीनं मारतो. एका ओळीत विषय संपतो. मग तो पेत्राला पकडतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. एकच राजा, एकच मंडळी. मंडळीनं याकोबासाठी प्रार्थना केली नसेल असं मानायला काही कारण नाही. आणि गंमत बघा: पेत्र सुटून दार ठोठावतो तेव्हा दासी धावत आत जाऊन सांगते, तर त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसलेले लोक तिला वेडी ठरवतात. म्हणजे सुटका झाली ती काही ह्या लोकांचा विश्वास काठोकाठ भरला होता म्हणून नव्हे. पेत्र का आणि याकोब का नाही, ह्याचं उत्तर हे पुस्तक लिहिणारा लूक देत नाही. मीही देणार नाही.

प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा राहिला. त्यानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं, हे तो सहज एका ओळीत लिहून जातो, कुणावर दोष न ठेवता. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि लगेच पुढे विश्वासानंच करवतीनं चिरले गेलेलेही आहेत. दोघांचा विश्वास एकाच यादीत मोजला आहे.

आणि गेथशेमाने, येशूला पकडलं त्या रात्रीची बाग. तिथे तर खुद्द देवाच्या पुत्रानंच तीनदा दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

'देव सोसवेल तेवढंच देतो' हे वचन कुठे आहे?

ह्या शब्दांत कुठेच नाही. लोकांच्या मनात असतं ते १ करिंथ १०:१३, आणि तिथला विषय मोहात पडण्याचा आहे. देव मोहातून निघायची वाट ठेवतो, असं ते वचन सांगतं. कर्करोग किंवा मुलाचा मृत्यू तुमच्या ताकदीच्या मापानं कापून पाठवला आहे, असं ते म्हणत नाही. त्यातलं 'तुम्ही' मूळ ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे, म्हणजे बोलणं सगळ्या मंडळीशी आहे. एकट्यानं उचलायचा विषयच नव्हता तो. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली. तेव्हा 'मला सोसवत नाही' म्हणायला संकोच नको.

मग 'सर्व गोष्टी मिळून कल्याण करतात' ह्याचं काय?

रोमकरांस ८:२८ खरं आहे, मला ते पाठ आहे, आणि दुसऱ्याच्या दुःखात मी ते शक्यतो उच्चारत नाही. ते वचन प्रत्येक गोष्ट चांगली आहे असं म्हणत नाही. देव वाईटातूनही आपला हेतू साधतो, इतकंच म्हणतं. योसेफ भावांना म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवानं त्यातून चांगलं योजलं. वाईटाला तो वाईटच म्हणतो. शिवाय हे वाक्य कधीचं आहे ते पाहा. भावांनी विहिरीत टाकून मग विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. हे बोलला बाप वारल्यानंतर, मधे जवळपास चाळीस वर्षं गेल्यावर, आणि स्वतःच्या तोंडानं. तो विहिरीत असताना वरून वाकून त्याला हे कुणी ऐकवलं नाही.

औषध घेणं, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं का?

नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. हिज्कीया राजाला बरं करायचं देवानं ठरवलं होतं, तरीही यशयानं गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली.

मनाच्या आजाराबद्दल मात्र लोक अजून अडखळतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला. आदल्याच अध्यायात कर्मेलावर अग्नी पाडणारा हाच माणूस. देवानं त्याला आधी झोपू दिलं. मग देवदूतानं स्पर्श करून उठवलं: निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवू घातला. प्रश्न विचारला तो नंतर, चाळीस दिवसांनी, होरेबावर.

विल्यम कॅरीचं नाव मंडळीत मोठ्या आदरानं घेतलं जातं. मराठी व्याकरण छापणारा, बायबलची इतकी भाषांतरं करणारा. त्याच्या बायकोचं, डॉरथीचं नाव क्वचितच निघतं. १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पीटर आजारानं गेला आणि त्यानंतर तिचं मन ढळलं ते १८०७ मध्ये ती वारेपर्यंत सावरलं नाही. कॅरी शेजारच्या खोलीत भाषांतर करत राहिला, ही गोष्ट आपण त्याच्या चिकाटीचा नमुना म्हणून सांगतो. मला मात्र पलीकडच्या खोलीतल्या बाईचा विचार येतो. त्या काळी तिच्यासाठी धड उपचारच नव्हते. आज आहेत.

जीव नकोसा झाला असेल, स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर हे पान इथेच बंद करा आणि आत्ता एका माणसाला सांगा: घरच्याला, मित्राला, पाळकांना. एकटे राहू नका आणि लवकरात लवकर डॉक्टरकडे जा. प्रार्थना जाता जाताही करता येते.

नवरा मारतो. 'आपला वधस्तंभ उचल' म्हणून सहन करत राहायचं का?

नाही. तिथून बाहेर पडा, मदत मागा, गरज पडल्यास पोलिसांकडे जा. दावीद शौलाच्या भाल्यापुढे थांबून राहिला नाही, पळाला. दिमिष्कात जीव घ्यायला टपलेल्या लोकांपासून पौलाला रात्री टोपलीतून भिंतीवरून खाली सोडलं. फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. ख्रिस्तासाठी दुःख सोसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पापाला घरात जागा करून देणं वेगळं. क्षमेचा विषय सुरक्षित जागी पोचल्यावर, सवडीनं. मंडळीतलं कुणी परत जायचा आग्रह धरत असेल तर त्याचं ऐकू नका.

प्रार्थनाच होत नाही. बायबल उघडवत नाही. काय करू?

नका उघडू काही दिवस. दुसऱ्यांना करू द्या. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. रोमकरांस ८:२६ मध्ये आपल्याला प्रार्थना कशी करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्यानं मध्यस्थी करतो, असं पौल सांगतो. कण्हणं हेच प्रार्थनेत धरलं जातं.

ज्यांना अगदीच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं त्यांना मी एक वाक्य देतो. आजारी मुलाच्या बापानं येशूसमोर काढलेले उद्गार आहेत: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' तेवढ्यावर त्या मुलाचं काम झालं.

दुःखातल्या माणसाला भेटायला गेल्यावर काय बोलावं?

कमी. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

'देवाला तो जास्त आवडला', 'तुम्ही अजून तरुण आहात, दुसरं मूल होईल', 'निदान हाल तरी झाले नाहीत' ही वाक्यं टाळा. 'काही लागलं तर सांगा' हेही फार उपयोगाचं नाही, कारण सांगायचं त्राण त्यांच्यात नसतं. त्यापेक्षा 'गुरुवारी मुलांना शाळेतून मी आणतो' म्हणा आणि आणा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना तेच तर ऐकायचं असतं. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात खुर्च्या पुरत नाहीत; तीन महिन्यांनी दार वाजत नाही.

पण देव हे सगळं होऊच का देतो?

मला माहीत नाही. ईयोबाला ३८व्या अध्यायापासून देवाचं उत्तर मिळतं. त्यात तारे आहेत, हिम आहे, रानगाढव आहे, शहामृग आहे, आणि कारण नाही. पडद्यामागे सैतानाशी काय बोलणं झालं हे वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक असतं, ईयोबाला शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. तरी तो म्हणतो की मी तुझ्याविषयी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. त्याला स्पष्टीकरणाऐवजी देव स्वतः भेटला. हे पुरेसं आहे का, असं मला विचाराल तर काही दिवस असतं, काही दिवस नसतं. वधस्तंभावरचा देव दुःखाकडे लांबून बघत नव्हता, एवढ्याला मी धरून आहे. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा 'का' त्याच्या तोंडूनही आला, आणि त्या क्षणी वरून उत्तर आलं नाही.

पुनरुत्थानावर विश्वास आहे, तरी वर्षभरानंतरही रडू येतं. हे बरोबर आहे का?

येशूचा मित्र लाजर मरून थडग्यात चार दिवस होता. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी थडग्याकडे जाताना तो रडला. 'दोन मिनिटांत बघा' असं म्हणून त्यानं लाजराच्या बहिणींचे, मार्था आणि मरीयेचे, अश्रू थांबवले नाहीत. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो ते 'खेद करू नका' असं अर्धंच उचलून वापरलं जातं. पूर्ण वाक्य आहे की ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका. आशेसहित खेद करायला मुभा आहे, आणि त्याला मुदत कुठेही घातलेली नाही. माझ्या भावाचा वाढदिवस आला की आई अजून दुपारी दार लावून घेते.

आज रात्रीपुरतं काही सांगा.

तेरावं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत, वाचायला एक मिनिटही लागत नाही. मोठ्यानं वाचा, घरात कुणी झोपलं असेल तर कुजबुजत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' आहे, तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे, पाचव्यापासून भरवसा सुरू होतो. पाचवं वचन तोंडातून निघत नसेल तर चौथ्यावर थांबा, खूण ठेवा आणि दिवा मालवा. उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा.